सुईचे घर

जहाजावर सुकाणूपुढे लाकडी वा पितळी खांब असतो आणि त्याच्या माथ्यावर होकायंत्र बसविलेले असते. या खांबास इंग्रजीत ‘बिनॅकल’ म्हणतात. मला हा शब्द कोड्यासारखा वाटे. मूळ लॅटिन शब्द ‘हाबिताकुलुम’, म्हणजे राहण्याची लहानशी जागा. स्पॅनिश खलाशांनी आरंभीचा ‘हा’ गिळून त्याचे ‘बिताकोरा’ केले, इंग्रजांनी ‘बिटॅकल’, व अठराव्या शतकात ‘बिनॅकल’. अरबांनी तर होकायंत्रालाच ‘बैत-अल्-इब्रा’, सुईचे घर, म्हटले.

पण सुईला घर कशाला? वारापाण्यापासून आडोसा आणि रात्री दिव्याची सोय, हे झालेच. खरी अडचण लोखंडाची. लाकडी जहाजांच्या काळी पेटीजवळचा लोखंडी खिळाही सुईला चकवू शके. पुढे जहाजच लोखंडाचे झाले व सुई त्याच्याकडे ओढली जाऊ लागली. एका अंशाची चूक शंभर मैलांवर जहाजाला सुमारे पावणेदोन मैल भलतीकडे नेते. खडकावर आपटायला तेवढे पुरे! १८७० नंतरच्या दशकात विल्यम थॉमसन (पुढे लॉर्ड केल्विन) यांनी या घराच्या दोन्ही अंगांस लोखंडी गोळे व पोटात चुंबक बसविले. लोखंडाला उतारा लोखंडाचाच.

स्पेनचे खलाशी प्रवासाची नोंदवही याच घरात ठेवीत. म्हणून तिलाही ‘बिताकोरा’ म्हणू लागले, आणि आता तर संगणकावरील ब्लॉगलाही.