हार्लेमचा ऑर्गन: वाद्य यजमान, वादक पाहुणा

ॲमस्टरडॅमहून रेल्वेने पाव तासात हार्लेम येतं. तिथल्या ग्रोट मार्क्ट चौकात संत बावोचं भव्य गॉथिक चर्च आहे. चित्रकार फ्रान्स हाल्स याला इथेच पुरलं. आतली फरशीच थडग्यांच्या शिळांची. पण देशोदेशींचे वादक येतात ते पश्चिमेकडच्या भिंतीवरच्या ऑर्गनसाठी.

ख्रिस्तियान म्युलरने तो १७३५ ते १७३८ या काळात बांधला. उंची जवळजवळ ३० मीटर, नळ्या ५,००० हून जास्त, हातांसाठी पट्ट्यांच्या तीन ओळी, पायांसाठी आणखी एक. माथ्यावर शहराचं मानचिन्ह धरलेले सिंह आहेत, आणि ते तिथे शोभतात. १५७८ मध्ये चर्च प्रोटेस्टंटांकडे गेलं. कर्मठांना उपासनेत ऑर्गन नको होता. डच नगरसभांनी मात्र ऑर्गन जपले, वादक पगारावर ठेवले आणि उपासनेच्या वेळा सोडून नागरिकांना संगीत ऐकवलं. हार्लेममध्ये आजही नगरवादक आहेत. शहराने एखादं वाद्य आपलं मानावं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

हॅन्डेल इथे वाजवून गेला. १७६६ मध्ये मोत्झार्ट आला तेव्हा तो १० वर्षांचा होता. उन्हाळ्यातल्या मैफलींना पाहुणे वादक येतात ते स्वरलिपी आणि खास बूट घेऊन. वाद्य त्यांना इथलंच वाजवायचं असतं. पट्टी किती जड, कोणता नळीसंच कसा बोलतो, हे दर गावी नव्याने शिकावं लागतं. इथे पट्टीपासून नळीच्या झडपेपर्यंतची जोडणी यांत्रिक आहे. संच सुरू-बंद करायच्या खुंट्याही हातानेच ओढायच्या. वादकाचे हातपाय गुंतलेले, म्हणून शेजारी मदतनीस उभे राहतात आणि स्वरलिपीवरच्या खुणा पाहून नेमक्या क्षणी खुंटी ओढतात. खालच्या श्रोत्यांना यातलं काहीच दिसत नाही. वादकाच्या पाठीशी नळ्यांचा आणखी एक संच आडवा येतो.

आपल्याला ऑर्गन माहीत आहे तो बालगंधर्वांच्या नाटकांतला, पायांनी भाता मारायचा. त्यात रीड थरथरतात. इथे बहुतेक नळ्या बासरीच्या तत्त्वावर वाजतात. सर्वांत मोठी नळी ३२ फुटी; तिचा खर्ज सेकंदाला सुमारे १६ कंपनांचा, कानांआधी छातीत जाणवणारा.

खरी कसोटी घुमण्याची. हात उचलल्यावरही स्वर कमानींखाली कितीतरी वेळ फिरत राहतो. बाखची फ्यूग भरधाव वाजवली, तर तिचे एकामागून एक शिरणारे आवाज एकमेकांत कालवले जातात. जाणता वादक लय थोडी आवरतो, स्वरांमध्ये बारीक फट ठेवतो, मोठ्या स्वरमेळानंतर थांबतो. तालमीत तो एखाद्याला वाजवायला बसवून स्वतः खाली येऊन ऐकतो, ते यासाठीच.

मैफलीला जायचं तर ऑर्गनच्या अगदी पायथ्याशी बसू नका. दालनाच्या मध्यावर खुर्ची धरा. तिथे नळ्यांचा आवाज आणि वास्तूचा आवाज दोन्ही मिळतात.