पाणवठ्याची खूण, मुलखाचा दाखला

कर्जत आणि खालापूर या रायगडातील घाटपायथ्याच्या तालुक्यांत पाऊस मुबलक पडतो. परंतु काळ्या कातळावरून तो वेगाने वाहून जातो, आणि उन्हाळ्यात अनेक ठाकर व कातकरी वाड्यांवर नदीच्या कोरड्या पात्रात डवरा, म्हणजे झिरपणारे पाणी धरण्यासाठी उकरलेला खड्डा, खणण्याची वेळ येते. अशा मुलखात न आटणारा झरा, विहीर किंवा डोह सामान्य राहत नाही. त्याच्या काठी बहुधा शेंदूर लावलेले सात तांदळे, म्हणजे न घडवलेले देवस्वरूप दगड, मांडलेले असतात. या साती आसरा, पाण्यात वास करणाऱ्या सात देवी. त्यांनाच मावळात मावलाया म्हणतात, आणि दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी ‘मिथ अँड रिअॅलिटी’ (१९६२) या ग्रंथात या जलदेवता समूहानेच पुजल्या जातात, याकडे लक्ष वेधले होते. त्यांना हळद-कुंकू, नारळ, हिरव्या बांगड्या वाहतात. त्यांचा कोप बाळंतिणीला आणि लहान मुलाला बाधतो, असा समज आहे, आणि त्या धाकाने पाणवठ्यावरचे वर्तन जपून होते.

या दगडांचा अर्थ उलगडण्यास ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातील आदिवासी चित्रकला साहाय्य करते. ठिपके आणि रेषा पाहून मराठी वाचकास प्रथम वारली चित्रे आठवतील, परंतु खरे साधर्म्य पाणवठ्यावरील तांदळ्यांशी आहे. १९७१ साली पापुन्या येथील वसाहतीत शाळाशिक्षक जेफ्री बार्डन यांच्या प्रोत्साहनाने तेथील पुरुषांनी वाळूवर आणि अंगावर रेखाटण्याच्या पारंपरिक आकृत्या फळ्यांवर रंगवण्यास आरंभ केला. त्यांतील एकात एक काढलेली वर्तुळे पुष्कळदा पाणस्थळ दाखवतात आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा, मुलूख घडवणारे आदिपूर्वज ज्या वाटांनी गेले, त्या वाटा. जॉनी वारंगकुला यांनी १९७२ साली रंगवलेले कालिपिन्यपा येथील पाण्याचे चित्र याच परंपरेतील. कोणते स्थळ कोणी रंगवावे, हे वारशाने ठरते; काही अर्थ दीक्षा न घेतलेल्यांना सांगितले जात नाहीत, आणि ते झाकण्यासाठीही ठिपक्यांचा उपयोग झाला, असे अभ्यासक मानतात.

ऑस्ट्रेलियातीलच ग्रेट सँडी वाळवंटातील लोक पाण्याचे दोन प्रकार मानतात: ‘जिला’ म्हणजे कधीही न आटणारे, सर्परूपी पूर्वजाचा वास असलेले जिवंत पाणी, आणि ‘जुमू’ म्हणजे पावसानंतर काही काळ टिकणारे, वाळू उकरून काढायचे पाणी. जुमूचे आपल्या डवऱ्याशी असलेले साम्य स्पष्ट आहे. १९९७ साली याच लोकांनी आपल्या पाणस्थळांचे आठ मीटर रुंद आणि दहा मीटर लांब असे ‘नुर्रारा’ चित्र जमिनीच्या हक्कासाठी पुरावा म्हणून रंगवले, आणि आपापल्या पाण्याच्या चित्रावर उभे राहून प्रत्येकाने न्यायाधिकरणापुढे आपल्या भाषेत साक्ष दिली. २००७ साली त्यांचा हक्क मान्य झाला.

रंगवलेले चित्र दूर नेता येते; आसरांचे दगड तसे प्रवासास निघत नाहीत. ते पाण्यापाशीच राहतात, आणि शेतघरांसाठी जमिनीचे तुकडे पडून कुंपण आले की पाण्याची वाटही बंद होऊ शकते, कारण सातबाऱ्यावर आसरांची नोंद नसते. दगडांमागचे पाण्याशी असलेले नाते मात्र वाळवंटातल्या नात्याहून कमी गंभीर मानण्याचे कारण नाही. वनहक्क कायदा (२००६) पाणवठ्यांच्या सामूहिक वापराचा हक्क मान्य करतो, आणि त्याखालील नियमांत विहिरी, दफनभूमी व पवित्र स्थळे यांसारख्या पारंपरिक रचना वहिवाटीच्या प्राचीनत्वाचा पुरावा म्हणून नोंदल्या आहेत. त्यामुळे वनजमिनीवरील झऱ्याकाठच्या सात तांदळ्यांची जागा, तेथे पूजेला येणाऱ्या वाड्यांची नावे आणि पाणी किती महिने टिकते, ही माहिती ग्रामसभेने वडीलधाऱ्यांच्या तोंडून घेऊन दाव्याला जोडली, तर ती पुरावा म्हणून मांडता येते.