एकाच आकड्याचे दोन अर्थ

अमेरिकेच्या आग्नेय भागात, उत्तर कॅरोलायनापासून जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपीवरून थेट आर्कान्सापर्यंत पसरलेल्या मुलुखाला तेथील वैद्यकशास्त्रज्ञ ‘पक्षाघाताचा पट्टा’ म्हणतात. कारण पक्षाघाताने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण येथे कित्येक दशके उर्वरित देशाहून अधिक राहिले आहे. याच मुलुखात कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती आहे, आणि त्या देशातील निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय प्रौढांना उच्च रक्तदाबाचा विकार जडलेला आहे.

रक्तदाब वाढलेल्या माणसाला पुढील दहा वर्षांत पक्षाघात होण्याचा संभव किती, हे अजमावण्याची रीत मॅसॅच्युसेट्समधील फ्रेमिंगहॅम या गावाने घालून दिली. 1948 साली तेथे सुरू झालेल्या दीर्घ पाहणीच्या नोंदींवरून 1991 मध्ये जे कोष्टक सिद्ध झाले, त्यात वय, वरचा रक्तदाब, त्यावर चालू असलेले औषध, मधुमेह, धूम्रपान, पूर्वीचा हृदयविकार, नाडीची विशिष्ट अनियमितता आणि हृदयाचा डावा कप्पा जाडावल्याची कार्डिओग्राममधील खूण, इतक्या गोष्टींचा हिशेब होता. कोष्टक मोठ्या मेहनतीचे होते. परंतु ज्या गावाच्या दप्तरातून ते निघाले, ते गाव जवळजवळ सर्वस्वी गोऱ्या लोकांचे होते.

ही उणीव भरून काढण्यासाठी अलाबामा विद्यापीठाच्या बर्मिंगहॅम येथील संशोधकांनी ‘रिगार्ड्स’ या नावाने 2003 ते 2007 या काळात 45 वर्षांवरील 30,239 स्त्रीपुरुषांची नोंद केली. त्यांत सुमारे 42 टक्के कृष्णवर्णीय होते. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की, वरचा रक्तदाब पाऱ्याच्या 10 मिलिमीटरने अधिक असला, तर गोऱ्यांमध्ये पक्षाघाताची जोखीम 8 टक्क्यांनी वाढते आणि कृष्णवर्णीयांमध्ये 24 टक्क्यांनी. त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट पुढेच आहे. 45 ते 64 या वयात ज्यांचा रक्तदाब स्वाभाविक होता, त्यांच्यात वर्णानुसार काही फरक आढळला नाही. मात्र 140 ते 159 या टप्प्यात कृष्णवर्णीयांची जोखीम गोऱ्यांच्या दुपटीहूनही अधिक भरली. या साऱ्या अभ्यासाचा गाभा मला येथेच दिसतो, कारण दोष केवळ वर्णात असता, तर तो स्वाभाविक रक्तदाबाच्या माणसांतही प्रकट व्हायला हवा होता.

मग हा फरक येतो कोठून? कृष्णवर्णीयांना हा विकार तुलनेने लवकर गाठतो, म्हणजे पन्नाशीत आकडा एकच दिसला तरी त्यामागे सोसलेली वर्षे अधिक असतात. रात्री झोपेत रक्तदाब दहावीस टक्क्यांनी उतरावा, तो त्यांच्यात पुष्कळदा उतरत नाही. आणि दवाखान्यातील दिवसाच्या एका मापाला या रात्रीची दाद नसते. याला रुग्णाची बेपर्वाई म्हणणे अन्यायाचे होईल. ‘रिगार्ड्स’च्याच नोंदी सांगतात की, कृष्णवर्णीयांना आपल्या विकाराची जाणीव अधिक होती, औषधही ते अधिक प्रमाणात घेत होते, आणि तरीही त्यांचा रक्तदाब गोऱ्यांच्या मानाने कमी आटोक्यात होता. म्हणून रक्तदाब केव्हापासून आहे, रात्री किती असतो, मूत्रपिंडे कशी आहेत, औषधाचा उतार पडतो की नाही, एवढी चौकशी झाल्यावाचून जोखमीचा निकाल देऊ नये, असे मला वाटते.

हृदयविकार व पक्षाघाताची जोखीम मोजणाऱ्या 2013 च्या अमेरिकन सूत्रांत गोऱ्यांचे गणित वेगळे आणि कृष्णवर्णीयांचे वेगळे होते. 2023 मध्ये आलेल्या ‘प्रिव्हेंट’ या सूत्रांतून वर्णाचा रकाना काढून टाकण्यात आला, मूत्रपिंडाच्या कार्यक्षमतेस स्थान मिळाले, आणि रुग्णाच्या वस्तीतील दारिद्र्याचा निर्देशांक ऐच्छिक म्हणून जोडण्यात आला. बदल योग्य दिशेचा आहे. परंतु त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत, पक्षाघाताचा अंदाज बांधणारी तोवरची प्रचलित सूत्रे व संगणकाने शिकून केलेली नवी गणितेही कृष्णवर्णीयांच्या बाबतीत कमी अचूक ठरली.

लॉस एंजेलिसमध्ये काही संशोधकांनी रक्तदाबाचे माप व उपचार दवाखान्याबाहेर नेले. तेथील 52 केशकर्तनालयांत नित्य येणारे, वरचा रक्तदाब 140 वा त्याहून अधिक असलेले 319 कृष्णवर्णीय पुरुष त्यांनी निवडले. काही दुकानांत फार्मासिस्ट स्वतः येऊन रक्तदाब मोजीत व डॉक्टरांच्या संमतीने औषधे बदलीत. इतर दुकानांत केशकर्तनकार गिऱ्हाइकाला डॉक्टरकडे जाण्याचा आणि राहणी सुधारण्याचा आग्रह करीत. 2018 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा सहा महिन्यांत दुसऱ्या गटाचा वरचा रक्तदाब सरासरी 9 मिलिमीटरने उतरलेला दिसला, आणि पहिल्या गटाचा 27 मिलिमीटरने.