पाणी सोडलं, शाळा सोडली, तंबाखू सोडली

कोयना धरणाचे सहा वक्र दरवाजे उचलले की पाटणच्या पेठेत एकच वाक्य फिरतं, 'पाणी सोडलं.' दुसऱ्या दिवशी पेपरात त्याचा 'विसर्ग' होतो, क्युसेकचा आकडा येतो. बोलण्यात मात्र पाणी सोडलंच जातं. त्याच पेठेत वडापवाला पाहुण्यांना स्टँडवर सोडतो. कुणी तंबाखू सोडलेली असते, कुणाच्या पोरानं नववीतच शाळा. वस्तीवर परका माणूस दिसला तर कुत्रं सोडतात. हे सगळे अर्थ पोरांना कुणी फळ्यावर लिहून दिलेले नसतात.

इंग्रजीत या प्रत्येक सोडण्याला वेगळी जोडी लागते. पाणी 'लेट आऊट', पाहुणे 'ड्रॉप ऑफ', तंबाखू 'गिव्ह अप', शाळा 'ड्रॉप आऊट'. उपासाला मात्र जोडी नाही, इंग्रज तो मोडतात. ब्रेकफास्ट हा शब्द तिथलाच. आपल्याकडे उपास द्वादशीला रीतसर सोडायचा असतो. एकादशीलाच भजी खाल्ली तर तो मोडला. इंग्रज बिचारा रोज सकाळी मोडतो.

अशा जोडक्रियापदांना 'फ्रेजल व्हर्ब' म्हणतात. हे नाव लोगन पिअर्सल स्मिथच्या १९२५ च्या पुस्तकानं रुळवलं, पण दुखणं जुनं. १७५५ च्या कोशाच्या प्रस्तावनेतच सॅम्युएल जॉन्सननं लिहून ठेवलंय, की परक्यांना सगळ्यात जड जातात ती हीच. आपण त्यांची यादी करून घोकायला देतो. गिव्ह अप, गिव्ह इन, गिव्ह आऊट. परीक्षा संपली की तिन्ही एकच.

घोकण्याआधी घरात बघावं. इंग्रजी क्रियापदाच्या शेपटाला अप, ऑफ, आऊट लावते. मराठी दुसरं क्रियापदच आणून बसवते. 'खाऊन टाक' म्हणजे 'ईट अप', 'देऊन टाक' म्हणजे 'गिव्ह अवे', 'बोलून गेला' म्हणजे 'ब्लर्ट आऊट'. खाऊन टाकताना काही फेकायचं नसतं आणि 'ईट अप'मध्ये काही वर जात नाही. दोन्हीकडे शेपूट आपला मूळ अर्थ विसरून 'संपव एकदाचं' एवढंच सांगतं. सगळंच जुळतं असं नाही. 'कर्ज काढून बसला' यातल्या 'बसला'मध्ये जो पस्तावा आहे, तो अप-ऑफच्या आवाक्यातला नाही.

चुकतं ते जागेवर. 'पुट ऑफ द मीटिंग' चालतं, 'पुट द मीटिंग ऑफ'ही चालतं. पण मीटिंगच्या जागी 'इट' आलं की ते मधेच बसणार, 'पुट इट ऑफ'. 'लुक आफ्टर' मात्र फुटत नाही: 'लुक आफ्टर हर', बस्स. हे दोन वाक्यांतून कानाला शिकवावं, नियमानं नव्हे.

काही जोड्या तर न सांगता घरात शिरल्यात. कुंभार्ली घाटात भरलेली गाडी 'पिकअप घेत नाही', मग 'ब्रेकडाऊन' होते. दवाखान्यात 'चेकअप', कॉलेजात 'कटऑफ'. आपण ही नामं म्हणून घेतली आणि पुढं करणे-होणे जोडून पुन्हा क्रियापदं केली. इंग्रजीत नाम असेल तर जोर 'चेक'वर, क्रियापद असेल तर 'अप'वर. पोरानं इंग्रजीत 'डू चेकअप' म्हटलं तर हसू नये, ती मराठीची सवय आहे.

वाक्प्रचारांचं तंत्र निराळं, तिथं शेपटाचाही आधार नाही. शाळाशाळांतून अजून पाऊस 'कॅट्स अँड डॉग्ज' पडतो, इंग्लंडात हे आता फारसं कुणी बोलत नसलं तरी. कोयनेच्या पाणलोटात नवजाला चांगल्या हंगामात पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस मोजतात. तिथला माणूस म्हणतो, 'आज झोडपून काढलं.' त्यातल्या 'काढलं'ला इंग्रजी काय म्हणायचं, ते आधी पोरांनाच विचारावं.