उपराष्ट्राध्यक्षपदाचा जोडीदार निवडावा कसा?

स्थळ पाहताना घरची वडीलधारी मंडळी जितकी चौकशी करतात, त्याहून कसून चौकशी अमेरिकेत उपराष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवताना केली जाते. आपल्याकडे उपराष्ट्रपतींची निवड संसद सदस्य करतात. अमेरिकेत मात्र पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुका जिंकणारा उमेदवार स्वतःच आपला जोडीदार सुचवतो, पक्षाचे अधिवेशन त्यावर शिक्कामोर्तब करते आणि मतदार दोघांना मिळून एकच मत देतो.

आधी मतांचा हिशेब

१९६० मध्ये जॉन केनेडी यांनी आपलेच प्रतिस्पर्धी लिंडन जॉन्सन यांना सोबत घेतले. केनेडी ईशान्येकडचे, तरुण आणि कॅथलिक. जॉन्सन टेक्सासचे मुरब्बी नेते. टेक्सास केनेडींनी जिंकले. १९९२ मध्ये बिल क्लिंटन यांनी उलट चाल खेळली. त्यांच्याचसारखे तरुण आणि दक्षिणेकडचे अल गोर यांना निवडून त्यांनी नव्या पिढीचे चित्र उभे केले.

घाई मात्र नडते. १९७६ मध्ये रोनाल्ड रेगन यांनी उमेदवारी मिळण्यापूर्वीच उदारमतवादी रिचर्ड श्वायकर यांचे नाव जाहीर केले. रेगन यांचे कट्टर समर्थक नाराज झाले आणि उमेदवारी जेराल्ड फोर्ड यांना मिळाली.

चौकशीत कसूर नको

१९७२ मध्ये जॉर्ज मॅकगव्हर्न यांनी थॉमस ईगल्टन यांना घाईघाईत निवडले. ईगल्टन यांनी नैराश्यावर विजेच्या झटक्यांचे उपचार घेतल्याचे नंतर उघड झाले आणि १८ दिवसांत त्यांना माघार घ्यावी लागली. आजारी पडणे हा काही गुन्हा नव्हे, पण आधी नीट विचारपूस न केल्याने मॅकगव्हर्न यांच्या निर्णयशक्तीवरच लोकांनी शंका घेतली. १९७६ मध्ये जिमी कार्टर यांनी सावधपणे इच्छुकांच्या मुलाखती घेऊन वॉल्टर माँडेल यांची निवड केली. आता वकील मंडळी करांची कागदपत्रे, प्रकृती, जुनी भाषणे सारे तपासतात.

खरी कसोटी नंतर

एप्रिल १९४५ मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे निधन झाले, तेव्हा हॅरी ट्रुमन यांना उपराष्ट्राध्यक्ष होऊन तीन महिनेही झाले नव्हते. अणुबाँबच्या योजनेची पूर्ण माहितीही तोवर त्यांना दिलेली नव्हती. चार महिन्यांतच त्यांच्या कारकिर्दीत जपानवर बाँब पडले. राष्ट्राध्यक्षाचा मृत्यू किंवा राजीनामा यामुळे आजवर नऊ उपराष्ट्राध्यक्ष त्या खुर्चीवर बसले आहेत.

म्हणूनच, हा माणूस किती मते आणेल, यापेक्षा उद्या देश याच्या हाती गेला तर तो पेलेल का, हाच प्रश्न उमेदवाराने स्वतःला आधी विचारायला हवा.