पायऱ्यांवरची मिस्सा

मालकी एकाची, ताबा दुसऱ्याचा! बँकेत असताना अशी प्रकरणं मी पुष्कळ पाहिली. पण मॉस्कोच्या मालाया ग्रुझिन्स्काया रस्त्यावरच्या कॅथलिक चर्चची तऱ्हाच न्यारी. पोलिश मंडळींनी वर्गणी काढून उभारलेली ही लाल विटांची वास्तू १९११ साली पुरी झाली. १९३८ मध्ये तिला टाळं लागलं. पुढे आत मजले घालून कचेऱ्या थाटल्या गेल्या. ८ डिसेंबर १९९० रोजी फादर तादेउश पिकुस यांनी मिस्सा केली, ती बाहेर, पायऱ्यांवर. आत फायली, बाहेर भाविक! वास्तू हाती यायला १९९६ उजाडलं आणि १२ डिसेंबर १९९९ रोजी तिचं पुन्हा विधिवत अर्पण झालं.

परदेशी धर्मगुरू आपली माणसं पळवतात, ही रशियन ऑर्थोडॉक्स चर्चची तक्रार. धर्मांतराची धास्ती आपल्याला काय नवी? ती अगदीच पोकळ, असं मी म्हणणार नाही. पण २००२ साली सायबेरियातल्या इर्कुत्स्कचे बिशप येझी माझुर यांना विमानतळावरूनच परत पाठवलं गेलं, तेव्हा त्यांची वाट पाहणाऱ्यांत स्टालिनच्या काळात हद्दपार झालेल्या पोलिश आणि जर्मन कुटुंबांची नातवंडंही होती.