टकळी, सुया आणि माग : तिन्ही छंद एकत्र जपताना कामं अर्धवट का राहतात?

मागावर अर्धा स्टोल, पिशवीत जोडीविना एकच मोजा आणि पेटी चरख्यावर कधीच पुरं न पडणारं सूत. कताई, सुयांवरचं विणकाम आणि हातमाग असे तिन्ही नाद लागलेल्या घरात हे दृश्य हमखास दिसतं. दोष आळसाला दिला जातो, पण अडचण बरीचशी गणिताची आहे.

गणित काय सांगतं?

५० सेंमी रुंद आणि १८० सेंमी लांब सुती स्टोल घ्या. दोन्ही दिशांना सेंटिमीटरमागे १० धागे धरले, तर ताण्याचे म्हणजे उभे धागे ५०० होतात. मागावर वाया जाणारी लांबी धरून प्रत्येकी सव्वादोन मीटर, म्हणजे सुमारे ११०० मीटर. आडव्या बाण्याला आणखी ९०० मीटर. तासाला २०० मीटर सूत निघालं, तर नुसत्या कताईला दहा तास. मागावर मात्र मिनिटाला १० धागे टाकले तरी विणणं तीन तासांत संपतं!

ही तफावत जुनीच आहे. १७३३ मध्ये जॉन के याचा धावता धोटा आला आणि पुढे इंग्लंडमधल्या विणकरांना सूत पुरेना. आपल्याकडच्या घोंगडीचंही तेच : लोकर धनगरांच्या घरात कातली जायची, विणायचे सणगर. सगळं एकट्यानं करायची हौस आपली.

एकच सूत दोन्हीकडे चालेल?

इथंच अनेकांची मेहनत वाया जाते. ताण्याला घट्ट पिळाचं सूत लागतं. पीळ कमी असेल तर धागा फणीत घासून तुटतो, मग गाठी मारत बसा. तेच घट्ट पिळाचं एकेरी सूत सुयांवर घेतलं, तर वीण एका बाजूला तिरकी जाते. त्यासाठी दोन धागे उलटा पीळ देऊन एकत्र करावे लागतात. म्हणून सूत कशासाठी, हे कातण्याआधीच ठरवायला हवं.

मग क्रम कसा लावायचा?

सुया लोकलमध्येही चालतात. चरख्याला स्थिर बैठक लागते. ताणा चढवलेला माग जागा अडवून बसतो, त्यामुळे पूर्ण ताण्याचं सूत हातात आल्याशिवाय तो मांडू नका. बाण्यावर ताण कमी असतो, तो विणता विणता कातला तरी चालतो. ताण्याला गिरणीचं सूत घेतलं, तर दहा तासांची कताई साडेचारवर येते. कट्टर हौशी नाक मुरडतील, पण स्टोल पुरा होईल.